कोकणात बॉल पायथनच्या पेटीला हीट मॅट लागते का? आणि हाइड कोणते ठेवावेत?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही पावसाआधी पुण्याहून रत्नागिरीला राहायला आलो. सोबत आमचा पाळीव साप गुंड्या, बॉल पायथन जातीचा (हा एक परदेशी, बिनविषारी अजगर). केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पेटी प्लायवूडची, पुढे सरकत्या काचा, तीन फूट लांब, दीड फूट रुंद. एका कडेला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला. मॅटवर एक मोठा लाकडी ओंडका हाइड, म्हणजे लपायची जागा, म्हणून ठेवलाय, दुसऱ्या कडेला पाण्याचं पसरट भांडं. पुण्यात सगळं ठीक होतं. इथे आल्यापासून गुंड्या ओंडक्याखाली जातच नाही. दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसतो, रात्री काचेला नाक घासत फिरतो. खाणंही सोडलंय. अंग भरलेलं आहे, वजन फारसं उतरलेलं नाही, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी वाचलेली सगळी माहितीपत्रकं थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली. त्यांच्या घरात बाहेरून ऊब द्यावीच लागते. आपल्याकडे ऑक्टोबरात काय करायचं? हाइड किती, कसले, कुठे? किनाऱ्यालगत साप पाळणारं कोणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सड्यावरचा
ताई, आधी एक सांगा. पेटीच्या थंड बाजूला दुपारी तीन वाजता तापमान किती असतं? काचेवर चिकटवलेल्या गोल तबकडीचं नको. वायरवाला डिजिटल थर्मामीटर असेल तर त्याचा प्रोब (वायरच्या टोकाचा, तापमान मोजणारा भाग) जमिनीवर, भांड्याशेजारी ठेवून बघा.

खाडीकाठची
आत्ताच बघितलं. थंड बाजू ३१.४. गरम बाजू ओंडक्याखाली ३३.

सड्यावरचा
म्हणजे तुमच्या पेटीत थंड बाजूच नाही. गुंड्या पाण्यात बसतोय कारण अख्ख्या पेटीत तेवढीच एक गार जागा त्याला सापडली.

जरा सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ माळरानांचा. तिथे ऊन मरणाचं असतं, पण हा साप उन्हात बसत नाही. दिवसा उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत पडून राहतो, अंधार पडला की बाहेर येतो. त्याला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. खाल्लेलं पचवायला ऊब हवी असेल तेव्हा तो गरम जागी जातो, पुरे झालं की गार जागी सरकतो. आपण पेटीत त्याला ही ये-जा करता यावी एवढीच सोय करत असतो. गरम बाजूची हवा ३१-३२, तिथली जमीन फार तर ३३-३४, आणि थंड बाजू २५ ते २७. रात्री सगळं दोन-चार अंशांनी उतरलं तरी चालतं, २२-२३ च्या खाली मात्र जाऊ नये.

आता थर्मोस्टॅट. तो मॅट बंद करतो आणि चालू करतो, यापलीकडे काही नाही. खोली गार करणं त्याच्या हातात नाही. रत्नागिरीत ऑक्टोबरच्या दुपारी खोलीच ३१ ला असते. त्यात मॅटने एका बाजूला भर घातली की साप अडकला. पुण्यातल्या गार रात्रींमध्ये जी मांडणी योग्य होती तीच इथे जड जाते.

म्हणून हीटरवर आणखी पैसे घालण्याआधी दोन बाजूंना दोन प्रोब लावा, मॅट बंद करा, आणि आठवडाभर सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा अशी नोंद वहीत करा. मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने बहुतेक किनारी घरांत मॅट लागतच नाही, असं तुमचं तुम्हालाच दिसेल.

दुसरी गोष्ट हाइडची, आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची. तुमच्याकडे आडोसा एकच आहे आणि तो गरम बाजूला. अशा वेळी सापापुढे दोनच पर्याय राहतात: लपायचं असेल तर तापायचं, गार व्हायचं असेल तर उघड्यावर बसायचं. बॉल पायथनसारख्या भित्र्या सापासाठी दोन्ही वाईट. उघड्यावर बसलेला साप घाबरलेला असतो, आणि घाबरलेला बॉल पायथन पहिल्यांदा खाणं सोडतो. दोन्ही बाजूंना हाइड हवेच, तेही शक्यतो एकसारखे. एक घट्ट आणि एक ऐसपैस असं केलंत तर साप घट्ट हाइड निवडतो, मग तिथलं तापमान सोसेना तरी तिथेच पडून राहतो.

कुंभारआळी
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. हाइडबद्दल माझी भर.

ओंडका मोठा आहे असं तुम्ही लिहिलंय. हाइड मोठा नसावा. साप वेटोळं घालून बसला की त्याच्या अंगाला भिंती आणि छत लागायला हवं. तोंड एकच, आणि तेही सापाचं अंग जिथे सर्वांत जाड आहे त्याहून थोडंच रुंद. दोन्हीकडून उघडा असलेला अर्धगोल ओंडका दिसतो छान, पण सापाला पाठीमागून वारा लागतो आणि उजेड येतो. त्याला तो हाइड वाटतच नाही.

बाजारातले राळेचे कृत्रिम खडक महाग असतात आणि कुरिअरने फुटून येतात. आपल्याकडे कुंभाराची कुंडी स्वस्तात मिळते. कुंडी रात्रभर पाण्यात भिजत घाला, म्हणजे कापताना तडकत नाही. उपडी करून काठावर खडूने कमान आखा, लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने हळूहळू कापा, मग कानस, मग काचपेपर. शेवटी मनगटाची आतली बाजू त्या कडेवरून फिरवून बघा. तिथली कातडी नाजूक असते. तिला टोचलं तर सापाच्या खवल्यांनाही टोचणार, विशेषतः कात टाकताना.

एक धोका आवर्जून सांगतो. कुंडीच्या बुडाला पाणी जायचं भोक असतं. साप त्यात डोकं घालतो, पुढे सरकतो, आणि खवले मागे वळलेले असल्याने त्याला मागे येता येत नाही. भोक सिमेंटने बुजवून, दोन-तीन आठवडे पाण्यात ठेवून, पाणी बदलत राहून मगच वापरा.

कॉर्न स्नेकच्या पिल्लांसाठी करवंटी उत्तम. डोळे नसलेली अर्धी वाटी घ्या, आतलं खोबरं आणि बाहेरच्या शेंड्या पूर्ण खरवडून काढा, नाहीतर पावसात बुरशी धरते. पिल्लू मोठं झालं की करवंटी बदलायलाच हवी.

जुन्या घरांवरची अर्धगोल नळीची कौलं पडून असतील तर तीही चालतात. एक टोक सपाट दगडाने बंद करा. जड हाइड नेहमी पेटीच्या तळावर टेकवायचा आणि भुसा नंतर भोवती भरायचा. भुशावर ठेवलात तर साप खालून उकरतो आणि हाइड त्याच्या अंगावर बसतो. जांभ्याचा चिरा मी वापरत नाही. तो वजनाला भारी, कडेने झडतो, आणि त्याच्या भोकांत ओल आणि मुंग्या दोन्ही घर करतात.

वेंगुर्लेकर
पेटीत खाली पसरायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, याबद्दल कोणीतरी लिहा. इथे काथ्याचे कारखाने आहेत, पोतंभर भुसा सहज मिळतो. चालेल का?

कुंभारआळी
चालेल, पण धुऊन. काथ्यासाठी नारळाची सोडणं बऱ्याचदा खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, त्यामुळे भुशात मीठ राहतं. गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळून काढा, उन्हात खडखडीत वाळवा, मग पेटीत घाला. वखारीतला लाकडाचा भुसा नको. त्यात कुठल्या लाकडाचा किती अंश आहे हे कळत नाही, आणि बारीक धूळ सापाच्या नाकात जाते.

मालवणी_झील
मिया मालवणचो. आमच्याकडे पावसात भिंतीक हात लावलास तरी हात वलो होता, पेटीची काय कथा!

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला हवं. माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की रोज पाणी फवारा, दमटपणा ६० ते ७० टक्के ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघड्या खिडकीशेजारीच ८५-९० असतो. फवारणी त्या चार महिन्यांत बंद. हवा दमट असली तर बॉल पायथनचं फारसं बिघडत नाही, पण पोटाखालचा भुसा ओला राहिला तर बिघडतं. पोटाचे खवले तपकिरी होतात, फोड येतात, ते चिघळतात. म्हणून पावसाळ्यात मी भुसा काढून टाकतो आणि वर्तमानपत्राचे थर घालतो. ओले झाले की उचलून फेकायचे. दिसायला साधं, पण कोरडं राहतं. आणि हवेशीर झडपा मोकळ्या ठेवा. लोक ऊब टिकावी म्हणून भोकं बुजवतात, आत वाफ कोंडते, मग सापाची छाती भरते.

मॅट पावसाळ्यात मात्र मला उपयोगी पडते. श्रावणात सूर्य आठवडाभर दिसत नाही, खोली २६-२७ ला स्थिर असते. तेव्हा गरम बाजूला थोडी ऊब दिली की तो कोपरा कोरडाही राहतो.

दापोलीकर_कॉर्न
माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप, त्याचं गणित वेगळं. गरम बाजू २९-३० पुरते, थंड बाजू २३-२४. ३२-३३ च्या वर खोली बराच वेळ राहिली तर तो बॉल पायथनपेक्षा लवकर हैराण होतो. म्हणजे किनाऱ्यावर कॉर्न स्नेकला उन्हाळाच जास्त जड जातो.

दापोलीचं हवामान निराळं आहे हेही सांगतो, नाहीतर रत्नागिरीचं वाचून इथले लोक मॅट विकून टाकतील. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा मला रात्रीही सिरॅमिक हीटर लावावा लागतो. तो उजेड देत नाही, म्हणून रात्रीला बरा. मॅट जमीन तापवते, हवा तापवत नाही. थंड पहाटे हवाच गार असेल तर मॅट पुरत नाही.

थंडीत आणखी एक. मतलई वारे सुरू झाले की सकाळी हवा कोरडी पडते, कात तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळे दुधी झालेले दिसले की एका प्लॅस्टिकच्या डब्याला झाकणात भोक पाडून आत ओलं शेवाळ किंवा ओला, पिळलेला सुती कपडा ठेवा. हा तिसरा, ओला हाइड. कात निघाली की काढून टाका. शेपटीच्या टोकाची आणि डोळ्यांवरची कात निघाली का हे काढलेल्या कातीत बघायचं, सापाच्या डोळ्याला नख लावायचं नाही.

आंबेवाला
आमच्या कलमांच्या बागेत परवा अजगराचं छोटं पिल्लू मिळालं. मुलगा म्हणतोय पाळूया. वर लिहिलेलीच व्यवस्था त्यालाही चालेल ना?

सड्यावरचा
दादा, नाही. ते पाळता येणार नाही. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. देशी साप पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो बिनविषारी असो वा पिल्लू असो. या धाग्यात चाललंय ते परदेशी सापांबद्दल, आणि त्यांतही बॉल पायथनसारख्या साइट्सच्या (वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या जातींची नोंद याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

पिल्लू डब्यात घातलं असेल तर डबा सावलीत ठेवा, झाकणाला हवा राहू द्या, खायला काही देऊ नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आत्ताच फोन करा. अजगर बागेत असणं चांगलं आहे. उंदीर-घुशी तोच आवरतो. मुलाला सापांची आवड आहे हे फार छान, त्याला वनरक्षकांसोबत सोडायला घेऊन जा.

आंबेवाला
फोन केला. संध्याकाळी येतायत. मुलगा थोडा हिरमुसलाय, पण सोबत जाणार म्हणून तयार आहे.

प्राणिमित्र_चिपळूण
मी पशुवैद्यक आहे. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर कोकणात कमी, बहुतेकांना मुंबई-पुणे गाठावं लागतं, त्यामुळे आधीच ओळखता यावं म्हणून तीन गोष्टी.

भाजणं. तापलेल्या जमिनीवरून साप नेहमी वेळेत उठत नाही, आपल्याला हे खरं वाटत नाही पण तसंच आहे. थर्मोस्टॅटशिवाय मॅट सहज ४०-४५ च्या पुढे जाते. पोटाचे खवले गुलाबी किंवा करडे दिसले, पाणी धरलं, तर उष्णता तोडा आणि डॉक्टर गाठा. हळद, तूप, घरातली मलमं नकोत. आतून तापणारे विजेचे दगड मिळतात तेही आणू नका.

श्वास. तोंड उघडं ठेवून बसणं, शिट्टीसारखा आवाज, नाकपुडीशी बुडबुडे. पावसाळ्यात कोंदट पेटीत हे होतं. औषधाशिवाय बरं होत नाही.

पाण्यात बसणं. ताई, तुमच्या बाबतीत उष्णता हेच कारण दिसतंय, तरी एकदा पांढऱ्या ओल्या कागदाने त्याचं अंग पुसा. कागदावर मोहरीहूनही बारीक काळे, हलणारे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला बघा. माइट्सचा त्रास असला तरी साप पाण्यात बसतो.

आणि मुंग्यांचा खडू, डांबरगोळ्या, डासांच्या अगरबत्त्या सापाच्या खोलीत नकोत. पेटी टेबलावर असेल तर टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, पूर्वी दुधाच्या कपाटाला ठेवायचे तशा.

श्रीवर्धनची_मुलगी
लाईट गेली की काय करता? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा माझ्याकडे साप नव्हता, आता आहे, म्हणून प्रत्येक पावसाळ्याआधी हीच काळजी.

सड्यावरचा
जून ते सप्टेंबर खोली २६ च्या खाली फारशी जात नाही, त्यामुळे निरोगी बॉल पायथन हीटरशिवाय बरेच दिवस काढतो. नियम एकच पाळा: वादळाचा इशारा आला की खायला घालू नका. पोटात भक्ष्य असताना ऊब गेली तर पचत नाही, साप ओकून टाकतो, आणि ते त्याला खूप थकवतं. पेटी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लावा. पाणी भरून ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या थेट आत ठेवायचा मोह होईल, तो टाळा.

मे महिन्यात वीज गेली तर मात्र खरी चिंता. पंखा बंद, पत्र्याखालची किंवा कौलाखालची खोली ३५ च्या पुढे. तेव्हा पेटी माळ्यावरून खाली आणा, माजघरात, जमिनीलगत. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या असतील तर एक कपड्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, थंड हाइडच्या मागे टेकवा. ओलं गोणपाट घालून उपयोग होत नाही, आपल्या हवेत बाष्प इतकं असतं की ते वाळतच नाही. शहाबादी लादीचा तुकडा थंड बाजूला कायमचा घातलेला असेल तर तो बराच वेळ गार राहतो. आणि काचेची टाकी कितीही थोडा वेळ असली तरी उन्हात ठेवू नका. आत काही मिनिटांत जीवघेणी उष्णता होते.

खाडीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. अंग पुसून बघितलं, कागद स्वच्छ निघाला. मॅट बंद केली, पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून माजघरात आणली. बाजारातून दोन सारख्या कुंड्या आणल्या, यजमानांनी कमानी कापल्या, भोकं बुजवली. त्या पाण्यात होत्या तोवर तात्पुरते पुठ्ठ्याचे दोन खोके, एकेका बाजूला एकेक भोक पाडून ठेवले. गुंड्या त्याच रात्री थंड बाजूच्या खोक्यात गेला आणि पाण्याचं भांडं सुटलं. आता पहाटे थंड बाजू २६, दुपारी २८.५. कुंड्या बसवल्यावर त्याने उंदीरही घेतला, कुंडीच्या तोंडातूनच झडप घालून.

दमटपणा मोजायचं यंत्र ९१ दाखवतंय, ते खरं की यंत्र बिघडलंय? आणि थंडीसाठी मॅट तशीच ठेवू की बदलू?

दापोलीकर_कॉर्न
यंत्र घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात जाडं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, विरघळू देऊ नका. ते आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आतला दमटपणा ७५ वर स्थिरावतो. यंत्र ८१ दाखवत असेल तर ते सहाने जास्त दाखवतं, तेवढे वजा करत जा. किनाऱ्यावर ही यंत्रं लवकर बिघडतात, म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर तपासा. खाऱ्या हवेने थर्मोस्टॅटच्या पिनाही गंजतात, त्या तेव्हाच पुसून घ्या.

सड्यावरचा
प्लायवूडच्या पेटीला मॅट तशी सोयीची नाहीच. बाहेरून लावली तर जाड लाकडातून ऊब आत पोचत नाही आणि मॅट आतल्या आत तापत राहते. आतून लावली तर साप थेट तिच्यावर बसतो. रत्नागिरीच्या थंडीला पेटीच्या छताला आतून एक कमी वॉटचा सिरॅमिक हीटर पुरेल. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. थर्मोस्टॅटचा प्रोब गरम हाइडच्या वरच्या उंचीला भिंतीवर पक्का करा, सैल सोडला तर साप तो ओढून गार बाजूला नेतो आणि हीटर बंदच होत नाही.

हीटरभोवती जाळी लागेलच. बॉल पायथन रात्री वर चढतो आणि जाळी नसेल तर हीटरला विळखा घालतो. जाळीची भोकं सापाचं नाक आत जाणार नाही इतकी बारीक, आणि जाळी हीटरपासून चार बोटं तरी दूर. बसवून झाली की गुंड्याला बाहेर ठेवून एक पूर्ण दिवस हीटर चालू ठेवा आणि जाळीलाच थर्मामीटरचा प्रोब लावून बघा. तिथे ४० च्या वर जात असेल तर जाळी आणखी खाली घ्या, मगच त्याला आत सोडा.